ताटाबाहेरचा रकाना

ग्रॅमबाईंना मी एकतीस वर्षं ओळखतो आणि त्यातली निदान पंचवीस वर्षं मी त्यांच्यावर वैतागलेला होतो. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे मी त्यांच्याबद्दल जे काही बरं लिहीन ते उशिरा सुचलेलं शहाणपण आहे.

आमचं ऑफिस आहाराच्या पाहणीचं. लोक घरात काय खातात, त्यातून शरीराला किती जीवनसत्त्वं आणि खनिजं मिळतात, आणि मिळायला हवीत त्यापेक्षा किती कमी पडतात, एवढंच आमचं काम. घरोघरी जाणाऱ्या बाया बारा, आणि त्यांनी भरून आणलेले फॉर्म यंत्रात चढवणारा कारकून एक, तो मी. ग्रॅमबाई त्या बारांतल्या. उंच, किडकिडीत, खांद्याला कापडी पिशवी आणि पिशवीत टॉवेलात गुंडाळलेला वजनकाटा. नाव अर्थात आम्हीच ठेवलेलं. बाकीच्या बाया 'वाटीभर भाजी' असं लिहून आणायच्या आणि मी अंदाजाने आकडा ठोकून द्यायचो. ही बाई लिहायची, 'भाजी एकशे बारा ग्रॅम, ताटात उरली नऊ.' ताटावर माशी बसली तर ग्रॅमबाई तिचंही वजन वजा करतील, असं मी चहाच्या वेळी म्हणायचो आणि सगळे हसायचे. त्याही हसायच्या.

कामाला मात्र तोड नव्हती. एकेका घरी त्या तीन दिवस जायच्या, चूल पेटायच्या आधी. तांदूळ कच्चा मोजायचा. भाजी सोलून झाली की सालं वेगळी मोजायची. तेलाची बाटली स्वयंपाकाआधी आणि नंतर. मग रिकामं ताट काट्यावर, मग वाढलेलं ताट, मग जेवून उठल्यावर जे उरलं ते. कुत्र्याला घातलेला तुकडासुद्धा वजा. "पहिला दिवस पाहुण्याचा, दुसरा लाजेचा, तिसरा खरा," असं त्या म्हणायच्या. मोजणारी बाई येणार म्हटल्यावर लोक अंडी आणायचे, फळं कापायचे. तिसऱ्या दिवसापर्यंत अंडी संपायची आणि ताटात नुसता भात दिसायचा. घरची बाई सगळ्यांत शेवटी जेवायला बसायची, आणि तिचं ताट काट्यावर सगळ्यांत हलकं भरायचं.

त्यांच्याजवळ एक तक्ता होता, घड्यांवर फाटलेला, चिकटपट्टी लावून जोडलेला. कोणत्या वयाच्या माणसाला दिवसाला काय किती हवं, ते त्यात होतं. त्यावरून फॉर्मवर तीन रकाने भरायचे: ताटातलं, हवं तेवढं, कमी पडलेलं. हवं त्याहून जास्त झालं तर काय, हे तक्त्यात नव्हतं आणि फॉर्मवरही नव्हतं. पंचवीस वर्षं त्या ज्या घरांत गेल्या तिथे कमीच पडत होतं. जास्त व्हायची पाळी कोणावर यायची?

आता माझी गोष्ट येते. त्यांची आणि माझी.

साधारण अकरा वर्षांपूर्वी त्यांच्या फॉर्मवर खाली 'शेरा' या जागी काहीबाही लिहून यायला लागलं. 'आजोबा रोज तीन रंगांच्या गोळ्या घेतात.' 'मुलगी दुधात डब्यातली पूड घालते, दोन चमचे.' 'ताटापेक्षा पाकिटातून जास्त जातं आहे असं वाटतं.' माझ्या यंत्रात चारशे बारा पदार्थांचे कोड होते. गोळ्यांचा एकही नव्हता. शेरा लिहिलेला फॉर्म यंत्र घ्यायचं नाही असं नाही, पण वरचे साहेब विचारायचे, हे काय, हे कशाला. मला दिवसाला साठ फॉर्म चढवायचे असत. मी लाल पेन काढलं आणि प्रत्येक शेऱ्यावर लिहायला लागलो: 'अनावश्यक माहिती. पुढे लिहू नये.' खाली सही. फॉर्म परत.

एके दिवशी त्या परत आलेल्या फॉर्मांचा गठ्ठा घेऊन माझ्या टेबलाशी उभ्या राहिल्या.

"भाऊ, पोटात गेलं ते गेलं ना? ताटातून गेलं काय नि पाकिटातून गेलं काय, पोटाला काय कळतंय?"

"पोटाला कळत नसेल, यंत्राला कळतं," मी म्हणालो. "कोड नाही, बाई. कोड नाही म्हणजे खाल्लं नाही."

आजूबाजूची टेबलं खदखदून हसली. ते वाक्य पुढे आमच्याकडे म्हणीसारखं झालं. कोणी डब्यातला लाडू चोरला की 'कोड नाही म्हणजे खाल्लं नाही.' मला त्याचा कोण अभिमान! ग्रॅमबाई मात्र त्या दिवशी हसल्या नाहीत. त्यांनी फॉर्म गोळा करून पिशवीत घातले, नव्या कोऱ्या फॉर्मवर शेऱ्याशिवाय सगळं उतरवून दिलं, आणि पुढे कधी शेरा लिहिला नाही. बाई शिस्तीची होती. एकदा नको म्हटलं की नको.

त्यांचे यजमान पाट्या रंगवायचे. दुकानांच्या, दवाखान्यांच्या, शाळांच्या. आम्ही त्यांना पेंटर म्हणायचो आणि त्या 'आमचे हे'. ठेंगणे, गोल, खाण्याचे शौकीन. पट्टी न लावता ते हातभर सरळ रेघ मारायचे, पैज लावून. बायकोच्या कामाची ते भरपूर थट्टा करायचे. "मी जेवतो तेव्हा ही माझ्याकडे बघत नाही, ताटाकडे बघते," असं एकदा आमच्या ऑफिसच्या दारात म्हणाले होते. मूलबाळ नव्हतं. दोघांचं एकमेकांवाचून पान हलत नसे, आणि दोघंही ते कबूल करत नसत.

ग्रॅमबाई निवृत्त झाल्या, दोन वर्षांनी मीही झालो. त्यानंतरच्या हिवाळ्यात पेंटर शिडीवरून पडले. फार उंचावरून नाही, तिसऱ्या पायरीवरून, पण मांडीचं हाड मोडलं. डॉक्टरांनी हाड बसवलं, रक्त तपासलं आणि सांगितलं, हाडं ठिसूळ झालीत, ड जीवनसत्त्व फार कमी आहे. कॅल्शियमची गोळी रोज एक, आणि ड जीवनसत्त्वाची मोठी कॅप्सूल आठवड्यातून एकदा, आठ आठवडे. मग थांबवा आणि दाखवायला या.

चिठ्ठीत चूक काही नव्हती. पुढचं सगळं ग्रॅमबाईंनी केलं, आणि जिवापाड माया लावून केलं. मला ते नंतर वहीतून कळलं.

नवऱ्याचं हाड मोडलं हा त्यांना स्वतःच्या कामाचा पराभव वाटला. लोकांची ताटं मोजत हिंडलो आणि घरचं ताट बघितलं नाही, असं त्या शेजारणीला म्हणाल्या होत्या. त्यांनी काटा टॉवेलातून काढला. पेंटरांना अंथरुणात बसवून, मांडीवर पाट देऊन, त्यांच्याकडून कागदांवर रकाने आखून घेतले. तेच तीन: ताटातलं, हवं तेवढं, कमी पडलेलं. पेंटरांनी सुबक रेघा मारल्या आणि वर जाड अक्षरांत रकान्यांची नावं रंगवली. कागद शिवून वही झाली. दर आठवड्याला तीन दिवस मोजायचं, रविवारी बेरीज करायची.

आठ आठवड्यांनी त्यांनी हिशोब बघितला. ड जीवनसत्त्व, दिवसाला: ताटातलं शंभर एककं, हवं सहाशे, कमी पाचशे. पहिल्या आठवड्यात जे होतं तेच. असणारच! ताटात कॅप्सूल कुठे होती? कॅप्सूल ताटात वाढत नाहीत, पाण्याच्या घोटाबरोबर देतात. पण त्या वहीत ताटाबाहेरचं काही लिहायला जागाच नव्हती, आणि गेली कित्येक वर्षं त्या ताटाबाहेरचं लिहीत नव्हत्या. तूट भरून निघाली नाही असं त्यांनी मानलं आणि कॅप्सूल चालू ठेवली. दाखवायला जायचं होतं, पण पेंटरांना जिना उतरवत नव्हता. कोपऱ्यावरचा औषधवाला ओळखीचा, जुनी चिठ्ठी बघून देत राहिला. दुधात घालायची पूडही आणली. तिच्यातही ड होतं, कॅल्शियम होतं. तीही ताटाबाहेर.

सातेक महिन्यांनी पेंटरांची भूक मंदावली. तोंडाला चव नाही म्हणायचे. सारखी तहान, पोट साफ नाही, अंगात त्राण नाही. ग्रॅमबाईंच्या वहीत ताटातलं घटत गेलं आणि कमी पडलेलं वाढत गेलं. 'भात दोनशे दहा, उरला एकशे तीस.' 'दूध नको म्हणाले.' कमी पडलेलं वाढलं म्हणून त्यांनी कॅप्सूल आठवड्यातून दोनदा केली आणि कॅल्शियमच्या गोळ्या तीन. भूक आणखी गेली. मग कॅप्सूल एक दिवसाआड. शरीरात जास्त झाल्यामुळेच भूक मरते, हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. भूक मेलेली माणसं त्यांनी जन्मभर पाहिली होती, ती सगळी न मिळाल्यामुळे.

पेंटर सगळं निमूट गिळायचे. "घेतो गं बाई, तुझी बेरीज जुळू दे," म्हणायचे. एकदा त्यांना शेजाऱ्याचं नाव आठवेना. एकदा स्वतः रंगवलेली पाटी त्यांना ओळखू आली नाही. त्यानंतरच्या मंगळवारी त्यांना हॉस्पिटलात न्यावं लागलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मला ग्रॅमबाईंचा फोन आला. निवृत्त झाल्यापासूनचा पहिलाच.

"भाऊ, बेरजेला येता का? डॉक्टर विचारतायत, मला सांगता येत नाहीये."

मी गेलो. हॉस्पिटलच्या मागच्या अंगाला एक अरुंद खोली होती, नातेवाईकांनी बसायची. लाकडी बाक, पाण्याचा पिंप, भिंतीला टेकवून ठेवलेला मोडका स्ट्रेचर. ग्रॅमबाई वही मांडीवर घेऊन बसल्या होत्या. डॉक्टरांना त्यांनी चौदा महिन्यांचा भात, भाजी, अंडी ग्रॅमसकट दाखवली होती. डॉक्टर बिचारी तरुण मुलगी, तिने दोन पानं उलटली आणि म्हणाली होती, "काकू, ताटातलं नको मला. गोळ्या किती दिल्या ते सांगा." आणि ग्रॅमबाईंना आयुष्यात पहिल्यांदा आकडा सांगता आला नव्हता.

त्यांच्या पायाशी बिस्किटांचा पत्र्याचा डबा होता. गोळ्यांची रिकामी पाकिटं. सालं आणि देठंसुद्धा मोजल्याशिवाय न टाकणारी बाई, पाकिटं कशी टाकेल? डब्यात सगळी होती, रबर लावून, तारखेच्या क्रमाने. पुडीचे डबे घरी होते, त्यांची झाकणं आणली होती.

आम्ही बाकावर पाकिटं मांडली. त्या सांगायच्या, मी लिहायचो. चार कॅप्सूलचं एक पाकीट, अशी एकोणतीस. एकशे सोळा कॅप्सूल, प्रत्येकीत साठ हजार एककं. लिहायला कागद हवा म्हणून मी वहीचं शेवटचं पान उलटलं आणि माझा हात थांबला.

पाठीमागे छापील फॉर्म होता. आमचा फॉर्म, अकरा वर्षांपूर्वीचा. खाली त्यांच्या बारीक अक्षरात, 'ताटापेक्षा पाकिटातून जास्त जातं आहे असं वाटतं.' त्यावर लाल शाईत, 'अनावश्यक माहिती. पुढे लिहू नये.' आणि माझी सही. मी आणखी एक पान उलटलं. तेच. आणखी एक. परत आलेले फॉर्म त्यांनी टाकले नव्हते. एक बाजू कोरी होती, पेंटरांच्या रेघांना ती चालली. नवऱ्याच्या चौदा महिन्यांच्या जेवणामागे कितीतरी पानांवर माझी सही होती.

त्यांनी पाहिलं आणि पान सरळ केलं.

"ती बाजू सोडा, भाऊ. बेरीज करा."

मी केली. दोनदा केली. शेवटच्या चार महिन्यांत रोजचे तीस हजार, पूड आणि गोळ्या वेगळ्या. हवे होते सहाशे. पन्नासपट. मी आकडा मोठ्याने वाचला नाही, वही त्यांच्यापुढे धरली. त्यांनी चष्मा वर केला, सगळ्या ओळी बोट लावून तपासल्या, आणि मान हलवली.

"बरोबर आहे," त्या म्हणाल्या. पाकिटांना त्यांनी परत रबर लावलं. मग म्हणाल्या, "मीच भरवलं हो."

"बाई, माझं चुकलं. तेव्हा मी जर—"

"तुम्हाला माहीत नव्हतं. मला माहीत होतं. मी लिहून दिलं होतं." त्यांचा आवाज चढला नाही. चढला असता तर मला बरं वाटलं असतं.

आकडा डॉक्टरांना कळला, उपचार बदलले, आठवड्याभरात पेंटरांना माणसं ओळखू यायला लागली. पण रक्तात साचलेल्या कॅल्शियमने मूत्रपिंडं गेली ती गेलीच. आठवड्यातून तीनदा यंत्राला लावून रक्त धुवायचं, असं ठरलं, आणि ते घरी आले. सोबत कागद आला: पाणी मोजून, मीठ मोजून, भाजी उकळून पाणी फेकून, फळ मोजून. आता खरोखरच एकेका ग्रॅमला किंमत होती आणि ग्रॅमबाई काट्याला हात लावायला तयार नव्हत्या. त्यांनी तो माळ्यावर टाकला होता. अंदाजाने करायच्या, आणि अंदाज करायची सवय नसल्याने एकदा फार खारट झालं, पायांवर सूज चढली.

मी त्या दिवशी तिथे होतो. मी आता वारंवार जात होतो. काही उपयोगाचा नव्हतो, तरी जायचो. पेंटर पलंगावर उशीला टेकून बसलेले, निम्मे उरलेले.

"अगं, काटा काढ," ते म्हणाले.

"नाही. माझ्या हाताने नाही."

"मग काय शेजारणीच्या हाताने जगू? जन्मभर लोकांची ताटं मोजलीस, माझं मोजायच्या वेळी हात आखडता? काढ म्हणतो ना."

"अहो, माझ्याच मोजण्याने ही वेळ आली तुमच्यावर!" त्या ओरडल्याच. मग पदराने तोंड झाकून दारात बसल्या.

पेंटर उशीवरून थोडे वर सरकले. "मोजण्याने नाही आली. एक रकाना कमी होता," ते म्हणाले. "वही दे. भाऊ, पेन्सिल द्या."

मी दिली. त्यांनी पाट मांडीवर घेतला आणि वहीच्या कोऱ्या पानावर तीन रेघा मारल्या, मग चौथी. पैज लावून सरळ रेघ मारणारा तो हात, चौथी रेघ मध्येच सापासारखी वळली. तिच्या डोक्यावर त्यांनी रकान्याचं नाव घातलं: 'ताटाबाहेरचं'. अक्षरं मात्र अजून पाटीवर शोभतील अशी होती. मी स्टूल घेतलं आणि माळ्यावरून काटा काढला. बाईंनी तो माझ्या हातातून ओढून घेतला, म्हणाल्या, "तुम्हाला धरता येत नाही नीट."

पाच महिने त्यांनी मोजलं. पाण्याचा प्रत्येक घोट, प्रत्येक गोळी, प्रत्येक इंजेक्शन चौथ्या रकान्यात. एक आकडा चुकला नाही. पेंटर सहाव्या महिन्यात, यंत्राची पाळी नसलेल्या दिवशी, दुपारी जेवता जेवता गेले. मोजून वाढलेला भात ऐंशी ग्रॅम. उरलेला बाईंनी त्या दिवशीही मोजला की नाही, हे मी विचारलं नाही. वहीत तो आहे. एकाहत्तर.

महिन्याभराने ग्रॅमबाई माझ्या घरी आल्या. खांद्याला तीच पिशवी. चहा नको म्हणाल्या. त्यांनी वही काढली आणि माझ्यापुढे ठेवली, जसे पंचवीस वर्षं ऑफिसात टेबलावर फॉर्म ठेवायच्या तशीच, कडा जुळवून.

"एवढं चढवून घ्या, भाऊ."

कुठे चढवणार? यंत्र ऑफिसात, ऑफिसात आता माझं कोणी नाही, आणि चौथ्या रकान्याला तिथे अजूनही कोड नाही, मी चौकशी केली होती. पण तसं म्हणायला मला तोंड नव्हतं. मी "बरं" म्हणालो. त्यांनी पोच मागितली. पूर्वीही मागायच्या. मी चिठ्ठीवर लिहून दिलं, 'पूर्ण माहिती मिळाली', आणि खाली सही केली. ती वाचून त्यांनी घडी घातली, तक्त्याच्या जुन्या घडीत ठेवली आणि जिना उतरून गेल्या.

बाजारातून एक मोठी कोरी वही आणली आहे. रोज सकाळी बसतो आणि हाताने उतरवतो, चारही रकाने, एका पानाला तास लागतो. पानाच्या मागची बाजूही उतरवतो. अजून चौदा पानं राहिली आहेत.